नॉर्मनचा तिसरा ठोका

पंक रॉक हे संगीत शिस्तीने ऐकावे लागते.

हे मी आजवर अनेकांना समजावून सांगितले आहे आणि बहुतेकांनी ते ऐकून माझ्या रक्तदाबाची चौकशी केली आहे. तरीही माझी पद्धत ठरलेली आहे. रविवारी सकाळी स्नान करून, पाठ ताठ ठेवून मी टेपरेकॉर्डरसमोर बसतो. उजव्या हाताला वही, डाव्या हाताला पाण्याचा तांब्या. वहीत चार रकाने आखलेले असतात: शब्द, गिटार, ढोल आणि संताप. प्रत्येकाला शंभरपैकी गुण. (संतापाला शंभर गुण फार होतात, असे माझी पत्नी सुलभा हिचे मत आहे, पण तिच्याकडे स्वतःचा मुबलक असल्यामुळे तिला त्याचे मोल नाही.)

मी गणिताचा शिक्षक आहे. वर्गात बाकावर ताल धरणाऱ्या मुलाला मी बाहेर उभे करतो आणि घरी येऊन तेच कृत्य करणाऱ्या परदेशी तरुणांना गुण देतो. यात विसंगती आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्या तरुणांनी निदान अल्बम काढलेला असतो!

अल्बमही कसले? एकही प्रत न खपलेले! जो बँड लोकांना माहीत आहे, त्याच्याशी मी संबंध ठेवत नाही. माझ्या ऐन पंचविशीत एका वर्गमित्राचे मामा जहाजावर नोकरीला होते. परदेशी बंदरांवरच्या दुकानांत, कोणी विकत घेत नाही म्हणून टोपलीत टाकून दिलेल्या कॅसेट ते घेऊन येत. मित्राला त्या नकोशा वाटत. मला दोन दिवसांच्या बोलीने मिळत. मी त्यांची नक्कल करून घेई. अशा दोनशे बारा नकला माझ्या लोखंडी कपाटात अकारविल्हे लावलेल्या आहेत. प्रत्येकीवर अनुक्रमांक आणि शेरा आहे. ‘उत्तम, पण गायकाने घसा सांभाळावा.’ ‘रागाचे कारण स्पष्ट होत नाही.’ ‘क्र. ६३ : निर्जीव. ढोलवादक कामावर आलेलाच नाही, असे वाटते.’

नक्कल करण्याची पद्धत सांगणे उपयुक्त ठरेल. त्या काळी आम्ही भिवंडीत नारपोलीला राहत होतो. पुढे घर, मागे वडिलांचा आठ यंत्रमागांचा कारखाना. (तो आता थोरले बंधू चालवतात. मला त्या धंद्यातल्या गोंगाटाचा मनस्वी तिटकारा. म्हणून तर मी शिक्षक झालो आणि कलेकडे वळलो.) जोडणीची तार परवडत नव्हती. म्हणून मी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवी, एक वाजवणारा आणि एक ऐकणारा, मध्ये बरोबर एक वीत अंतर. दोन्हींवर जाड गोधडी पांघरी. आईला ताकीद : फोडणी द्यायची नाही. वडिलांना ताकीद : खोकायचे नाही. त्यामुळे माझ्या प्रत्येक कॅसेटवर सुवाच्य अक्षरात नोंद आहे : ‘संपूर्ण शांततेत ध्वनिमुद्रित.’

नोकरी लागल्यावर मी धामणकर नाक्याजवळ फ्लॅट घेतला. त्या फ्लॅटमध्ये या कॅसेट पहिल्यांदा निवांतपणे ऐकल्या आणि माझ्या आयुष्यातला मोठा शोध मला लागला. त्या शोधाचे नाव नॉर्मन.

‘द सॉगी मॅचस्टिक्स’ नावाच्या बँडने ‘थर्ड फ्लोअर, नो लिफ्ट’ हा एकुलता एक अल्बम काढला आणि ते आपापल्या घरी गेले. कॅसेटच्या कागदावर ढोलवादकाचे नाव फक्त ‘नॉर्मन’ इतकेच आहे. पण काय तो हात! खट, खट, आणि मग क्षणभर थांबून, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावून, खटाक्! पहिले दोन ठोके साधे. तिसरा उशिरा आणि लंगडत. गाणे कोणतेही असो, गायक कुठेही धावत सुटो, नॉर्मन आपली गती सोडत नाही! इतरांचे त्याने डोके दुखे. मला मात्र तो ठोका ऐकला की आईच्या घरी जेवायला बसल्यासारखे वाटे. मी नॉर्मनला चौऱ्याण्णव गुण दिले. इतके गुण मी दहावीच्या परीक्षेत कोणालाही दिलेले नाहीत.

पुढे तर हा तिसरा ठोका मला इतरही कॅसेटमध्ये सापडू लागला! सात बँड, तीन देश, एकमेकांचे तोंडही न पाहिलेले कलावंत, आणि सर्वांचा ठोका एकच! मी कार्डशीटवर तक्ता तयार केला. कोणी कोणाकडून शिकला असेल, ते बाणांनी दाखवले. या परंपरेला मी ‘तिसऱ्या ठोक्याचा संप्रदाय’ असे नाव दिले आणि त्यावर अठ्ठावीस पानांचा निबंध लिहिला.

हा निबंध वाचणारे जगात कोणी असेल, असे मला वाटले नव्हते. पण माझी मुलगी केतकी हिने एक दिवस त्याचे फोटो काढून ‘दुर्लक्षित अल्बम श्रोते मंडळ’ नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. या मंडळात अकरा सभासद आहेत आणि नियम कडक आहेत. एखाद्या अल्बमला लोक विचारू लागले, की तो यादीतून काढून टाकला जातो. एकदा यादीतल्या एका गाण्याचा तुकडा बिस्किटाच्या जाहिरातीत वाजला, तेव्हा मंडळाने तीन दिवस गटावर एकही संदेश टाकला नाही. (असे दुखवटे पाळणारी माणसे मला प्रथमच भेटली. आपण एकटे नाही, हे पाहून मी गहिवरलो.)

मंडळाचे अध्यक्ष मकरंद देसाई डोंबिवलीचे. त्यांचा फोन आला.

“सर, तुमचा निबंध मी चार वेळा वाचला. ‘थर्ड फ्लोअर’ची मूळ प्रत माझ्याकडे आहे. पण त्यात तुम्ही म्हणता तो तिसरा ठोका नाहीये!”

“कानाला सवय हवी, मकरंदराव,” मी सौम्यपणे म्हणालो. “पहिल्या इयत्तेत कोणालाच अपूर्णांक समजत नाहीत.”

“सर, मी वीस वर्षं ऐकतोय. ठोका नाहीये. आणि तुमच्या कॅसेटमध्ये आहे, याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?” त्यांचा आवाज चढला. “तुमच्याकडे वेगळं ध्वनिमुद्रण आहे! कंपनीने दाबून टाकलेलं! जगात एकच प्रत! भिवंडीत!”

मी फोन ठेवला आणि कपाटाकडे पाहिले. ते नेहमीपेक्षा उंच दिसले.

नेमके त्याच आठवड्यात ते कपाट संकटात होते. केतकीला नोकरी लागली होती आणि नोकरी घरून करायची होती. आमच्या दोन खोल्यांत टेबल मावेल अशी जागा एकच, आणि तिथे माझे कपाट. त्यामुळे ती ओट्यावर लॅपटॉप ठेवून मीटिंग घेई आणि कंपनीचे लोक तिला विचारत, की तुझ्याकडे सतत शिट्टी कोण मारते? (कुकर.)

सुलभा भिवंडीजवळच्या वडपे गावची. एरवी ती शहरातले मराठी बोलते. पण रागावली की तिची भाषा थेट माहेरी जाऊन पोहोचते.

“पोरगी कुकरशेजारी बसून साहेबाशी बोलते, आणि तुमच्या डबड्यांना कपाट! काय हाय त्याच्यात?”

“त्यात एका उपेक्षित परंपरेचा इतिहास आहे.”

“तुमाला सोडून कोनाला पायजे तो?”

“डोंबिवलीला पाहिजे!” मी अभिमानाने म्हणालो. “रविवारी मंडळाचे दोन प्रतिनिधी मुद्दाम ऐकायला येत आहेत.”

सुलभाने पदर खोचला. ती न्यायी बाई आहे, हीच माझी अडचण आहे.

“बरं,” ती म्हणाली. “बाहेरच्या दोन मानसांनी माझ्यासमोर सांगू दे, की यात काय मोलाचं हाय. मग कपाटाला हात न्हाय लावनार. न्हायतर सोमवारी भंगारवाला.”

“मान्य!” मी म्हणालो. कोणत्याही शिक्षकाने उत्तरपत्रिका पाहण्याआधी निकाल जाहीर करू नये, हे मी मुलांना नेहमी सांगतो.

रविवार उजाडला. मी सतरंजी अंथरली, तक्ता भिंतीला लावला, निबंधाच्या प्रती काढल्या आणि रंगीत तालीम म्हणून कॅसेट लावली. टेपरेकॉर्डरमधून नॉर्मनच्या ऐवजी एखादा म्हातारा बैल जांभई देतो तसा आवाज आला आणि तो थांबला.

“पट्टा गेला असेल,” केतकी म्हणाली. “बाबा, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारं दुकान आता कुठे असतं हो?”

“संग्रहालयात,” सुलभा आतून म्हणाली.

दोन तासांत पाहुणे येणार होते. कपाटाचा जीव एका रबरी पट्ट्यावर अडकला होता! तेवढ्यात केतकीनेच तोडगा काढला. “रहमतचाचांना बोलावू?”

रहमतचाचा आमच्या नारपोलीच्या कारखान्याचे मिस्त्री. माझ्या वडिलांच्या काळापासूनचे. माग, पंखा, मिक्सर, शिवणयंत्र, जे फिरते ते सर्व चाचा दुरुस्त करतात. ते शेअर रिक्षाने आले, चष्मा कपाळावर चढवला आणि टेपरेकॉर्डर उघडून म्हणाले, “सर, हे तर सोप्पं आहे. पण टाइम लागेल. चाय बोलो.”

चहा झाला. चाचांनी सायकलच्या ट्यूबमधून केसाएवढा पट्टा कापला. तो पट्टा ते चाकावर चढवत असतानाच बेल वाजली आणि मकरंदराव आत आले. चाळिशीचे गृहस्थ, केसांची शेंडी बांधलेली, अंगात काळा शर्ट. भिवंडीच्या धुळीने तो शर्ट राखाडी झाला होता. त्यांच्याबरोबर ईशा नावाची मंडळाची तरुण सचिव होती. दोघांनी कपाटासमोर उभे राहून डोळे मिटले. सुलभाने ते पाहिले आणि उदबत्ती लावू का, असे मला खुणेने विचारले.

“आधी मूळ प्रत ऐकू या,” मी पद्धतशीरपणे म्हणालो. “तुलनेशिवाय ज्ञान होत नाही.”

मकरंदरावांनी फोनवर मूळ गाणे लावले. मी नॉर्मनचा खरा हात प्रथमच ऐकत होतो. तो हात, कसे सांगू, वर्गाच्या दाराशी उभा राहून “आत येऊ का सर?” असे विचारणाऱ्या मुलासारखा होता. टिक, टिक. कोणाला त्रास तर होत नाही ना? टिक.

“हे कंपनीने केलं!” ईशा म्हणाली. “त्याचा राग काढून घेतला!”

“सर, आता तुमची,” मकरंदराव कुजबुजले.

चाचांनी झाकण बसवले. मी कळ दाबली. आणि आमच्या दोन खोल्यांत नॉर्मन अवतरला! खट, खट... खटाक्! खट, खट... खटाक्! तांब्यातले पाणी थरथरले. मकरंदरावांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. ईशाच्या डोळ्यांत पाणी आले.

“सर,” मकरंदराव म्हणाले, “हे अनमोल आहे. मी मंडळाचा अध्यक्ष म्हणून सांगतो, हे अनमोल आहे!”

“मी पण सांगते,” ईशा म्हणाली.

दोन माणसे! बाहेरची! मी मान सावकाश वळवून सुलभाकडे पाहिले. (त्या दृष्टिक्षेपाचा मी नंतर खूप पश्चात्ताप केला.) तिने कपाळाला आठी घातली, पण शब्द तो शब्द. ती मुकाट्याने आत निघाली.

आणि त्याच वेळी, हात फडक्याला पुसत, रहमतचाचा म्हणाले, “पिकर ढिला आहे.”

“काय?” मी विचारले.

“याचा पिकर ढिला आहे. म्हणून तिसरा टोला लेट पडतो.”

पिकर म्हणजे मागामध्ये आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला हाणून या बाजूकडून त्या बाजूला पिटाळणारा तुकडा. हे मला माहीत होते. मी मागाच्या घरातला आहे. पण पाहुण्यांसमोर हा विषय निघावा, हे मला रुचले नाही.

“चाचा, हे संगीत आहे,” मी समजुतीने म्हणालो. “हा नॉर्मन आहे.”

“नॉर्मन कौन?” चाचा गोंधळले. “सात नंबरवर तर इद्रिस होता!”

खोलीत फक्त खट, खट, खटाक् ऐकू येत होते.

“अरे सर, अपना सात नंबर! खिडकीवाला! मैं पहचानूंगा नहीं क्या? रोज डोकं खातो माझं!” चाचांनी बोट वर केले. “रुको. अभी तार टूटेगा... आता... बघा!”

ठोका थांबला. (तार म्हणजे मागावरचा धागा. तो तुटला की माग थांबतो.) तिसऱ्या गाण्यातले हे प्रसिद्ध अकरा सेकंद! निबंधात मी त्यांना दीड पान दिले आहे : ‘येथे ढोलवादक अचानक मौन धारण करतो. हे मौन म्हणजे युद्धखोर सत्तेवरील जळजळीत भाष्य होय.’

“आता इद्रिस तार जोडतोय,” चाचा म्हणाले. “आता गाली देईल.”

“चाचा, कृपा करा...”

कॅसेटमधून, गिटारच्या मागून, एक अस्फुट मानवी आवाज आला. निबंधाच्या सतराव्या पानावर याची नोंद आहे : ‘अनाकलनीय भाषेतील निषेधाचा उद्गार.’ आज तो मला प्रथमच कळला. तो अनाकलनीय नव्हता. तो इतका आकलनीय होता, की केतकीने पटकन तोंडावर हात ठेवला आणि सुलभा स्वयंपाकघरातून परत आली.

खट, खट... खटाक्!

“चालू झाला,” चाचा समाधानाने म्हणाले. “इद्रिस चांगला कारागीर होता. आता गावाला असतो, आजमगढला.”

माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मागाच्या घरात वाढलेल्या माणसाला मागाचा आवाज ऐकू येत नाही. तो आवाज त्याच्यासाठी शांतताच असते. उलट माग बंद पडला, तर तो दचकून उठून बसतो. मी गोधडी पांघरली, फोडणी थांबवली, बापाचा खोकला अडवला, आणि भिंतीपलीकडे आठ माग धडधडत असताना निर्मळ मनाने लिहिले : ‘संपूर्ण शांततेत ध्वनिमुद्रित’!

मी अजूनही हार मानली नव्हती. मी क्रमांक ४१ ची कॅसेट लावली. वेगळा बँड, वेगळा देश.

“सात नंबर,” चाचा म्हणाले.

क्रमांक ११८. (शेरा : ‘एकाच वेळी दोन ढोलवादक. धाडसी प्रयोग.’)

“सात आणि पाच. शिफ्ट बदलायचा टाइम असेल.”

शेवटची आशा म्हणून मी क्रमांक ६३ लावली. ढोल नाही. ठोका नाही. नुसते टिक, टिक. मी विजयाने चाचांकडे पाहिले. “यात कुठे आहे तुमचा सात नंबर?”

चाचांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. “जुम्मा असेल. जुम्म्याला कारखाना बंद असतो ना!”

केतकी उठली आणि भिंतीवरचा तक्ता जवळून पाहू लागली. सात बँड, तीन देश, बावीस बाण. “बाबा,” ती शांतपणे म्हणाली, “हे सगळे बाण नारपोलीला वळवायला लागतील.”

चाचा आता माझी वही चाळत होते. त्यांना गुण दिसले. “सर, सात नंबरला तुम्ही चौऱ्याण्णव मार्क दिले?” त्यांचा चेहरा उजळला, मग किंचित उतरला. “सहा कशाचे कापले?”

“शेवटचे गाणे संपल्यावरही तो थांबत नाही,” मी यंत्रवत उत्तर दिले. “मी लिहिले आहे, आत्मसंयमाचा अभाव.”

“लो!” चाचा दुखावले. “ड्युटी संपल्याशिवाय माग बंद कसा करणार? तुमचे वडील ओरडले नसते?”

वडील नक्कीच ओरडले असते.

मी मकरंदरावांकडे पाहण्याचे टाळत होतो. त्यांनी भिवंडीपर्यंत प्रवास केला होता, तोही रविवारी, तोही काळ्या शर्टात. त्यांनी शर्टावरची धूळ झटकली. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत एक विलक्षण तेज होते.

“सर,” ते म्हणाले, “हे तर त्याहून दुर्लक्षित आहे!”

“म्हणजे?”

“नॉर्मनला निदान आम्ही अकरा जण तरी ओळखतो. या सात नंबरला कोणी म्हणजे कोणीच ओळखत नाही! तीस वर्षं वाजतोय आणि एकही श्रोता नाही! याहून शुद्ध काय असेल?”

“नॉर्मन मला आधीपासूनच जरा बाजारू वाटायचा,” ईशा म्हणाली. (दहा मिनिटांपूर्वी ती त्याच्यासाठी रडली होती.) ती चाचांसमोर सतरंजीवर बसली आणि फोनवर मुलाखत घेऊ लागली. “चाचा, तिसरा ठोका उशिरा पाडायची कल्पना कशी सुचली?”

“कल्पना कसली? सेठ बोलले, पिकर पुढच्या हप्त्यात बदलू,” चाचा म्हणाले. “त्याला आता तीस वर्षं झाली.”

“म्हणजे जाणूनबुजून अपूर्ण ठेवलं,” मकरंदराव ईशाला म्हणाले. “लिहून घे.”

“सात नंबर अजून चालतो?”

“चालतो ना! आजही तसाच. या कधी पण, शुक्रवार सोडून.”

दोघांनी चाचांबरोबर फोटो काढले. चाचांना मध्ये बसवले. मला फोटो काढायला सांगितले. जाताना मकरंदरावांनी माझा हात हातात घेतला आणि सहानुभूतीने म्हणाले, “सर, तुमचा निबंध आम्ही ठेवतो. नॉर्मनच्या जागी तेवढं नाव बदलून घेऊ. बाकी सगळं जसंच्या तसं लागू पडतं.” हे ऐकून मला आनंद व्हावा की लाज वाटावी, याचा मी अजून निर्णय घेतलेला नाही.

दार बंद झाले. चाचा पेले आत ठेवायला गेले. मी कपाटासमोर उभा राहिलो आणि शिक्षेची वाट पाहू लागलो.

“मी तर लग्नाच्या पयल्याच आठवड्यात बोलले होते,” सुलभा म्हणाली. “तुमच्या गान्यात माग चालतोय, असं. काय बोललात तेव्हा?”

काय बोललो, ते मला चांगले आठवत होते. अडाणी कानाला कला गोंगाटासारखी वाटते, असा विषय घेऊन मी तिला वीस मिनिटे व्याख्यान दिले होते. फळ्यासह.

“आई, जाऊ दे ना,” केतकी म्हणाली. “बाबांचं तोंड बघ.”

“जाऊ दिलं. मी शब्दाची पक्की हाय,” सुलभा म्हणाली. “दोन मानसांनी माझ्यासमोर सांगितलं, मोलाचं हाय. कपाट भंगारात न्हाय जानार.”

मी सुटकेचा श्वास सोडला.

“पन मोलाचं जे काय हाय,” तिने पुढे बोट केले, “ते या घरात न्हाय. कारखान्यात हाय. तर कपाट बी तिकडंच बरं. भाऊजींना मी विचारलं फोनवर. खिडकीपाशी जागा हाय बोलले.”

“खिडकीपाशी सात नंबर आहे!”

“मंग? वळखीचाच हाय ना तुमच्या!”

युक्तिवादात मला एकही चूक सापडली नाही. केतकीने मापाची फीत आणलीच होती. माझा श्वास पूर्ण सुटण्याआधी तिने टेबलाची लांबी मोजून घेतली. सोमवारी टेम्पो आला. दोनशे बारा कॅसेट, अकारविल्हे, नारपोलीला गेल्या.

आता केतकी खोलीत दार लावून मीटिंग घेते आणि कुकर पुन्हा केवळ कुकर झाला आहे. मी मात्र शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा कारखान्यात जातो. चाचांनी कपाटाशेजारी एक स्टूल ठेवले आहे. पहिले काही दिवस मी कॅसेट लावून ऐकत होतो. पण कारखान्यात टेपरेकॉर्डर ऐकू येत नाही. आणि खरे सांगायचे, तर त्यातला जो भाग ऐकायचा असतो, तो समोरच चालू असतो. म्हणून हल्ली मी टेपरेकॉर्डर लावत नाही. नुसता बसतो. तीस वर्षांपूर्वी ज्या आवाजापासून पळालो, त्याच्यासमोर डोळे मिटून बसतो, मान डोलावतो, आणि तिसरा ठोका पडला की नकळत तोंडून “वा!” निघते.

परवा तिथे एक नवा कारागीर कामाला लागला. त्याने मला तशा अवस्थेत पाहिले आणि चाचांना विचारले, “चाचा, ये साहब कौन हैं? सेठ हैं क्या?”

“नहीं, सर हैं. स्कूल में पढ़ाते हैं,” चाचा म्हणाले. “लूम सुनने आते हैं.”

“लूम सुनने? काहे को?”

चाचांनी माझ्याकडे एकवार पाहिले, आवाज खाली आणला (कारखान्यात खाली आणलेला आवाजही ओरडूनच काढावा लागतो, त्यामुळे तो आठही मागांवर ऐकू गेला) आणि म्हणाले, “इलाज चल रहा है.”